क्लच नसलेल्या गाडीचा पिकअप

रात्री अकरानंतर मेसच्या कट्ट्यावर ज्या चर्चा होतात, त्यातल्या निम्म्या गाड्यांवर असतात. (उरलेल्या निम्म्यांचे विषय संपादकांनी छापू दिले नाहीत.) त्या चर्चेत दर वेळी एक वाक्य हमखास येतं, "ऑटोमॅटिक? ती म्हाताऱ्यांची गाडी रे! पिकअप पाहिजे तर मॅन्युअलच." आणि मग सिव्हिलवाला असो की कॉम्प्युटरवाला, सगळे माना डोलावतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मीही डोलवत होतो. पण त्या सुट्टीत माझ्या रूम पार्टनरने जो पराक्रम केला, त्यामुळे मला हा विषय पुस्तक उघडून वाचावा लागला. तो पराक्रम आधी सांगतो, कारण या लेखाचं निमित्त तोच आहे.

त्याच्या मामांनी सेकंडहँड सेदान घेतली होती. परदेशी कंपनीची, ऑटोमॅटिक, वयाने बरीच मोठी, पण मामांनी लेकरासारखी जपलेली. आमच्या या वीराने कुठेतरी एक 'ट्रिक' ऐकली होती. गाडी न्यूट्रलला ठेवायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन चार हजार आरपीएमला न्यायचं आणि झटकन लिव्हर 'डी' मध्ये ओढायचा. म्हणे गाडी गोळीसारखी सुटते! गावाबाहेर बायपासचं काम चालू होतं, रस्ता अजून खुला झाला नव्हता. तिथे जाऊन याने एकदा केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा खालून 'धाड' असा आवाज आला. गाडी पुढे गेली खरी, पण त्यानंतर 'डी' टाकला की दोन-तीन सेकंद नुसती विचार करत उभी राहायची आणि मग गचका देऊन निघायची.

गिअरबॉक्स उतरवावा लागला. मामा एक शब्द बोलले नाहीत. फक्त बिलाची झेरॉक्स काढून भाच्याच्या बॅगेत ठेवली. "इंजिनिअरिंग शिकतोस ना, अभ्यासाला उपयोगी पडेल," एवढंच म्हणाले. मित्रहो, त्या झेरॉक्सने जे काम केलं ते चार थपडांनी झालं नसतं.

तर आता मुद्द्यावर येऊ. ऑटोमॅटिक सेदानकडून खरोखर सर्वांत चांगला पिकअप घ्यायचा असेल तर काय करावं? आणि ती 'ट्रिक' का चुकते?

आधी हिशोब

उदाहरणासाठी एक ठोस गाडी घेऊ. बीएमडब्ल्यूची ३३०आय, 'जी२०' पिढीची, २०१९ साली भारतातही आली ती. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १९० किलोवॅट (२५८ हॉर्सपॉवर), टॉर्क ४०० न्यूटन मीटर, मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक. कंपनीच्या आकड्यानुसार शून्य ते शंभर ५.८ सेकंदांत. ड्रायव्हर आणि थोडं सामान धरून वजन आपण १६०० किलो मानू.

आता बारावीचं फिजिक्स काढा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. या वेगाला १६०० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा येते साधारण ६१७ किलोज्यूल. इंजिन जर पहिल्या क्षणापासून पूर्ण १९० किलोवॅट देत असेल आणि त्यातलं काहीच वाया जात नसेल, तर ६१७ भागिले १९०, म्हणजे सव्वातीन सेकंदांत काम व्हायला हवं. प्रत्यक्षात लागतात ५.८. मग मधले अडीच सेकंद गेले कुठे? पिकअपचा सगळा अभ्यास म्हणजे हे हरवलेले अडीच सेकंद शोधणं.

पहिला चोर म्हणजे गिअरबॉक्स, डिफरन्शियल वगैरेंमधलं घर्षण. दहा टक्के तोटा धरला तर चाकांपर्यंत १७१ किलोवॅट पोचतात आणि सव्वातीनचे ३.६ सेकंद होतात. म्हणजे हा चोर भुरटा निघाला. दरोडेखोर वेगळाच आहे.

दरोडेखोर सापडला : टायर

या गाडीचा पहिला गिअर ५.२५ चा आहे आणि मागचं फायनल ड्राइव्ह २.८१३. म्हणजे इंजिनाचा टॉर्क चाकाशी पोचेपर्यंत जवळजवळ पंधरा पट होतो. ४०० गुणिले ५.२५ गुणिले २.८१३, त्यातून दहा टक्के वजा, उरले ५३०० न्यूटन मीटर. चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर. भागाकार केला की पहिल्या गिअरमध्ये जमिनीवर ढकलणारं बल येतं १६,००० न्यूटन. हे गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही (१५,७०० न्यूटन) जास्त झालं!

पण जमीन एवढं बल घेईल का? टायर आणि कोरडा डांबरी रस्ता यांच्यातला घर्षण गुणांक ०.९ धरू. गाडीचं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं आहे, म्हणजे मागच्या चाकांवर ७८५० न्यूटन. गाडी जोरात निघाली की नाक वर उचलतं आणि वजन मागे सरकतं. बुलेटवर मागे बसलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २.८५ मीटर धरलं, तर साधारण दीडशे किलोचा भार मागे सरकतो. सगळं मिळून मागची चाकं न घसरता देऊ शकतात ते बल सुमारे ८४०० न्यूटन.

आता तुलना करा. इंजिन देऊ शकतं १६,०००. टायर घेऊ शकतो ८,४००. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिनाची निम्मी ताकद निरुपयोगी! त्यापेक्षा जास्त दिली तर चाकं जागेवर फिरतील, धूर निघेल, कट्ट्यावरची मुलं टाळ्या वाजवतील आणि गाडी उशिरा पोचेल.

८४०० न्यूटन भागिले १६०० किलो, म्हणजे त्वरण ५.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग. ही झाली टायरची मर्यादा. ती कुठपर्यंत चालते? ताकद म्हणजे बल गुणिले वेग. १,७१,००० भागिले ८४०० केलं की उत्तर येतं २०.४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७३ किलोमीटर. शून्यापासून ७३ पर्यंत राज्य टायरचं, त्याच्या पुढे राज्य इंजिनाचं.

वेळ काढू. पहिल्या टप्प्याला २०.४ भागिले ५.२५, म्हणजे ३.९ सेकंद. दुसऱ्या टप्प्यात उरलेली ऊर्जा २८४ किलोज्यूल, ती १७१ किलोवॅटने भागली की १.७ सेकंद. बेरीज ५.६! कंपनी म्हणते ५.८. वहीच्या मागच्या पानावरचा हिशोब एवढा जवळ येणं यात थोडा योगायोग आहे हे कबूल. चांगल्या टायरची पकड ०.९ पेक्षा जास्त असू शकते आणि उलट बाजूला हवेचा विरोध, फिरणाऱ्या भागांची जडता आपण धरलेली नाही. पण चित्र बरोबर आहे. शंभरपर्यंतच्या वेळातला दोन तृतीयांश वेळ टायर ठरवतात, इंजिन नव्हे.

म्हणून फोर व्हील ड्राइव्हवाल्या सेदान सुरुवातीला पुढे पळतात. त्यांना चारही चाकांवरचं सगळं वजन पकडीसाठी वापरता येतं. आणि म्हणूनच ओल्या रस्त्यावर, जिथे गुणांक ०.५ पर्यंतही उतरू शकतो, तिथे अडीचशे हॉर्सपॉवरची फुशारकी काही कामाची नाही.

टॉर्क कन्व्हर्टर : दोन टेबलफॅनची गोष्ट

आता ऑटोमॅटिकच्या पोटात शिरू. मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच असतो. इथे त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. हे यंत्र हेरमान फोटिंगर या जर्मन अभियंत्याचं. त्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नाही, जहाजासाठी! जहाजाची टर्बाइन वेगात फिरते, पंखा सावकाश फिरायला हवा, त्या दोघांची सोयरीक जुळवायला.

रूमवर दोन टेबलफॅन असतील तर समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याचं बटण बंद ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. कन्व्हर्टरमध्ये हवेऐवजी तेल असतं. इंजिनाला जोडलेला तो इम्पेलर, गिअरबॉक्सला जोडलेली ती टर्बाइन. पण नुसते हे दोघे असते तर टॉर्क जेवढा दिला तेवढाच पलीकडे मिळाला असता. खरी करामत तिसऱ्याची आहे, मध्ये बसलेल्या स्टेटरची. टर्बाइनमधून परत येणारं तेल उलट्या दिशेला वळलेलं असतं. स्टेटर त्याला पुन्हा वळवून इम्पेलरला मदत होईल अशा दिशेने पाठवतो. त्यामुळे गाडी जागेवर उभी असताना टर्बाइनवर इंजिनाच्या दीड ते दोनपट टॉर्क मिळतो. गाडीने वेग घेतला की हा गुणाकार कमी होत होत एकावर येतो आणि मग आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट बांधून टाकतो.

म्हणजे ऑटोमॅटिक गाडीला निघताना एक जादा गिअर फुकटात मिळतो! "म्हाताऱ्यांची गाडी" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता त्या 'ट्रिक'ची उत्तरतपासणी

टायरला पूर्ण ८४०० न्यूटन द्यायला पहिल्या गिअरमध्ये इंजिनाकडून किती टॉर्क लागेल? उलटा हिशोब केला तर सुमारे २१० न्यूटन मीटर. कन्व्हर्टरचा १.८ पटीचा गुणाकार धरला तर ११५ च्या आसपास! चारशेचं इंजिन, लागतात जेमतेम सव्वाशे. मग न्यूट्रलमध्ये चार हजार आरपीएमला नेऊन मिळणार काय?

मिळते ती फिरणाऱ्या फ्लायव्हीलमधली साठलेली ऊर्जा. फिरणाऱ्या भागांचं जडत्व आघूर्ण ०.२ किलोग्रॅम चौरस मीटर धरलं, तर चार हजार आरपीएमला ती ऊर्जा साडेसतरा किलोज्यूल भरते. शंभरला पोचायला लागणारी ऊर्जा होती ६१७. म्हणजे फायदा झाला तरी तीन टक्क्यांच्या आत. पण ही साडेसतरा किलोज्यूल जर पाव सेकंदात बाहेर पडली तर ती सत्तर किलोवॅट होते, आणि त्यातला मोठा वाटा ज्या पातळ घर्षण चकत्या पहिला गिअर पकडतात त्यांच्यावर येऊन आदळतो. शिवाय प्रोपेलर शाफ्ट, त्याचे जॉइंट, डिफरन्शियलचे दाते, सगळ्यांना एकदम हातोडा. तीन टक्क्यांच्या फायद्यासाठी अख्खा गिअरबॉक्स जुगारात लावायचा! आजच्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सना हे कळतं. आरपीएम जास्त असेल तर ते 'डी' घ्यायला नकार देतात किंवा इंजिन आपोआप खाली आणतात. मामांची गाडी जुनी, साधी. तिने ऐकलं, आणि भोगलं.

दुसरी ट्रिक त्यामानाने शहाणी आहे. डाव्या पायाने ब्रेक दाबून ठेवायचा, उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबायचा आणि मग ब्रेक सोडायचा. यात गिअर आधीच लागलेला असतो, चकत्यांना धक्का नाही. टर्बो गाडीत एक खरा फायदाही आहे. जागेवर उभ्या इंजिनाचा टर्बो झोपलेला असतो, तो थोडा जागा होतो.

पण इथेही हिशोब करा. ब्रेक दाबून २००० आरपीएमला इंजिन २५० न्यूटन मीटर देत असेल तर ५२ किलोवॅट कुठे जातात? गाडी तर जागेवर आहे. सगळी ताकद कन्व्हर्टरमधल्या तेलात उष्णता बनते. आत तीन किलो तेल धरलं तर ते सेकंदाला आठ-नऊ अंशांनी तापतं. आजूबाजूचं लोखंड थोडी उष्णता घेतं, पण दहा सेकंद थांबलात तर काय होईल याचा अंदाज करा. या तेलाची नेहमीची जागा ८० ते १०० अंशांची. १२०-१३० च्या पुढे त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून नियम असा, की दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि एकदा केल्यावर गाडीला काही मिनिटं सावकाश चालवून तेल थंड होऊ द्यायचं. अनेक गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबलेले दिसले की इंजिनाची ताकदच कापतात, तिथे हा नाद सोडून द्यावा. काही गाड्यांत 'लाँच कंट्रोल' असतो. तो हेच काम करतो, फक्त मोजूनमापून, तापमान बघून.

गिअर कधी बदलावा? टॉर्क की पॉवर?

कट्ट्यावरचं हे सनातन भांडण! एक पार्टी म्हणते टॉर्क जिथे सर्वांत जास्त तिथे गिअर बदला. दुसरी म्हणते लाल पट्टीपर्यंत खेचा. चला, आकडे बघू.

आपल्या इंजिनाचा ४०० न्यूटन मीटर टॉर्क १५५० ते ४४०० आरपीएमपर्यंत सपाट आहे. पुढे तो उतरतो, पण ५००० ते ६५०० पर्यंत पॉवर १९० किलोवॅटवर सपाट राहते. ६५०० ला टॉर्क उरतो फक्त २७९. आता दुसऱ्या गिअरमध्ये (३.३६) ६५०० आरपीएमला आहात, वेग ताशी ८५ च्या आसपास. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा टॉर्क २७९ गुणिले ३.३६, म्हणजे ९३७. तिसरा (२.१७२) टाकला तर आरपीएम ४२०० वर पडतं, इंजिन पूर्ण ४०० देतं, पण बाहेर येतात ८६९. म्हणजे इंजिनाचा टॉर्क वाढला तरी चाकाचा कमी झाला! टॉर्क पार्टीचा पराभव.

पण थांबा. आता तिसऱ्यातून चौथ्याकडे (१.७२) जाताना तोच हिशोब करा. ६५०० ला तिसऱ्यात ६०६ येतात. चौथ्यात ५१५० आरपीएमला टॉर्क ३५२, गुणाकार पुन्हा ६०६! अगदी सारखे. कारण दोन्ही ठिकाणी इंजिनाची पॉवर तीच आहे, आणि त्याच वेगाला पॉवर सारखी तर चाकावरचं बल सारखं. गिअर कुठलाही असो.

थोडक्यात, चाकावरचं बल म्हणजे पॉवर भागिले वेग. हातातल्या वेगाला जो गिअर इंजिनाकडून जास्त पॉवर काढून घेईल तो गिअर बरोबर. एवढं समजलं की भांडण मिटलं.

आणि हा हिशोब गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर सतत करत असतो. तुम्ही पॅडल ओढून 'मॅन्युअल मोड'मध्ये गिअर बदलायला गेलात तर डोळ्याने सुई बघणं, मेंदूने ठरवणं, बोटाने ओढणं यात पाव सेकंद सहज जातो. चुकलात तर इंजिन लिमिटरला जाऊन ठेचकाळतं. सरळ रस्त्यावर त्वरणासाठी 'एस' म्हणजे स्पोर्ट मोड आणि पूर्ण दाबलेला पाय यापुढे माणसाला फारसं काही सुधारता येत नाही.

आणखी एक गंमत. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना क्लच दाबला की तेवढा वेळ चाकांना ताकद मिळत नाही. ऑटोमॅटिकमध्ये सूर्य आणि ग्रहांसारखे फिरणारे दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. गिअर बदलणं म्हणजे एक क्लच सैल होत असताना दुसरा घट्ट होणं, रिले शर्यतीत बॅटन देताना दोघंही धावत असतात तसं. झेडएफच्या या आठ गिअरच्या बॉक्समध्ये ग्रहमालिकेचे चार संच आणि पकडणारे पाच घटक आहेत, आणि कुठल्याही गिअरमध्ये फक्त दोनच मोकळे असतात.

मग 'म्हाताऱ्यांची गाडी' ही ख्याती आली कुठून? ती खोटी नव्हती, जुनी आहे. पूर्वी तीन-चारच गिअर, दोन गिअरमधली दरी मोठी, लॉक-अप नसल्याने कन्व्हर्टर कायम घसरत राहायचा. बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये २००१ साली झेडएफचा सहा गिअरचा बॉक्स आला, २००३ मध्ये मर्सिडीजने सात गिअरचा '७जी-ट्रॉनिक' आणला, २००९ मध्ये बीएमडब्ल्यू ७६० मधून आठ गिअरचा आला. तेव्हापासून गणित उलटलं. पुण्याला तर हा प्रवास घरचाच. १९९५ मध्ये पिंपरीत मर्सिडीज जुळवायला सुरुवात झाली आणि २००९ मध्ये चाकणला त्यांचा स्वतःचा कारखाना उभा राहिला.

मग करायचं काय?

एवढ्या पुराणानंतर सार सांगतो. जागा बंदिस्त असेल, मालकाची परवानगी असेल, तर :

१) टायर तपासा. हवा कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढीच. नक्षी झिजलेली असेल तर बाकी सगळं विसरा. पहिले चार सेकंद त्यांचे आहेत.

२) इंजिन आणि गिअरबॉक्स गरम होऊ द्या. दहा-पंधरा मिनिटं शांत चालवा. तेल थंड असताना अनेक बॉक्स स्वतःच गिअर वेगळ्या पद्धतीने बदलतात.

३) स्टेअरिंग अगदी सरळ. चाकं वळलेली असतील तर पकडीचा एक वाटा वळण्यात जातो.

४) ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवा. तो बंद केल्याने फास्ट जाता येतं हा समज साध्या ड्रायव्हरला महागात पडतो.

५) 'एस' मोड. ब्रेकवर उभे राहा, ब्रेक सोडा आणि अ‍ॅक्सिलरेटर एका दमात पण लाथ न मारता पूर्ण दाबा. अर्ध्या सेकंदात पूर्ण, एवढी सवय पुरे.

६) मागे तीन मित्र आणि डिकीत बॅगा नकोत. गंमत म्हणजे टायरच्या टप्प्यात वजनाने फारसं बिघडत नाही, कारण वजनाबरोबर पकडही वाढते. पण पुढे ३०० किलो जादा म्हणजे जवळपास १९ टक्के जादा वेळ.

७) पेट्रोल कंपनीने सांगितलेल्या ऑक्टेनचं. कमी ऑक्टेनवर नॉक सेन्सर ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद कमी होते.

आणि एक गोष्ट यादीत नाही, यादीच्या वर आहे. ताशी १०० वरून थांबायला कोरड्या रस्त्यावर ब्रेकिंगचेच ४४ मीटर लागतात. भानावर यायला लागणारा एक सेकंद धरला तर आणखी २८. म्हणजे ७२ मीटर. आपल्या कॉलेजच्या रस्त्यावर एवढ्या अंतरात दोन कुत्री, एक सायकल आणि चहावाल्या काकांची गाडी नक्की असते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

शेवटी मामा

मग या पिकअपचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. तो मला मामांनीच दाखवला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रूम पार्टनरबरोबर त्यांच्याकडे गेलो. गिअरबॉक्स दुरुस्त झाला होता. संध्याकाळी मामा आम्हा दोघांना घेऊन निघाले. दुपदरी रस्ता, पुढे उसाचा ट्रक ताशी पन्नासने चाललेला. मामा मागे राहिले, अंतर ठेवून. रस्ता सरळ झाला, समोर लांबवर मोकळं दिसलं, तेव्हा बाहेर निघण्याच्या आधीच त्यांनी लिव्हर एक घर खाली ओढला. इंजिनाचा आवाज चढला, गाडी अजून ट्रकच्या मागेच. मग त्यांनी इंडिकेटर दिला, बाहेर काढली, पाय पूर्ण दाबला आणि गाडी एका सरळ ओढीने पुढे गेली. आरशात ट्रकचे दोन्ही दिवे दिसल्यावर परत आपल्या लेनमध्ये.

"बघ," मामा भाच्याला म्हणाले, "बाहेर काढून मग पाय दाबला असता, तर गिअर खाली यायला एखादा सेकंद गेला असता. तो सेकंद समोरच्या लेनमध्ये घालवायचा नाही."

मी मनातल्या मनात हिशोब केला. आम्ही पन्नासने, समोरून कुणी साठने, तर एका सेकंदात दोघांमधलं अंतर तीस मीटरने कमी होतं. तीस मीटर! आमच्या ट्रिकने वाचवायला निघालो होतो ते तीन टक्के, आणि मामांनी बोलता बोलता वाचवला तो हा सेकंद.

रूम पार्टनरने काही उत्तर दिलं नाही. बिलाची ती झेरॉक्स अजून त्याच्या टेबलाच्या काचेखाली आहे. दर महिन्याला स्टायपेंडमधून तो मामांना थोडे पैसे पाठवतो. मामा घेत नाहीत, परत पाठवतात. तो पुन्हा पाठवतो.

कट्ट्यावर आता कुणी "म्हाताऱ्यांची गाडी" म्हटलं, की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो आणि चहा मागवतो.

— एक यंत्रवाला, तृतीय वर्ष